भाव कुठे फुटतो?

१

मुंबईच्या गिरणगावात एक जुना जुगार होता. त्याला आकडा म्हणत. पुढे मडक्यातून चिठ्ठी काढायची रीत आली तेव्हा त्याचा मटका झाला. पण सुरुवातीचा आकडा कोणा शेठजीच्या मडक्यातून निघत नसे. तो न्यूयॉर्कहून येई. तिथल्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय मिटला, ते मुंबईच्या कापूस बाजारात तारेने कळे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ च्या सुमारास हे आकडे येणे बंद झाले, म्हणून मडके आणावे लागले.

दिवसभर साच्यावर उभा राहून कापड काढणारा कामगार संध्याकाळी त्याच कापसाच्या सातासमुद्रापलीकडच्या भावावर चार आणे लावत होता. न्यूयॉर्क त्याने पाहिले नव्हते. तिथे भाव का चढतो, का पडतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या लेखी तो नशिबाचा आकडा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे तर आज्या-पणज्यापासून अख्खे वर्षच अशा दूरच्या भावावर लागलेले होते. गिरणीकामगाराला निदान आज खेळायचे नाही, असे म्हणता येत होते. शेतकऱ्याला तेही म्हणता येत नव्हते.

जागतिकीकरणावरच्या पुस्तकांविषयीच्या लेखांचा हा संग्रह. त्याची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हा आकडा आठवला. आमच्या कापूसपट्ट्यात ‘फुटणे’ हे क्रियापद दोन ठिकाणी चालते. दसऱ्याच्या आगेमागे बोंडे फुटतात, आणि मग जो तो विचारू लागतो, भाव फुटला का? कापूस शेतात फुटतो, तो सगळ्यांना दिसतो. भाव कुठे फुटतो ते दिसत नाही. जागतिकीकरणावरचे चांगले पुस्तक कोणते, याची माझी कसोटी साधी आहे: ते त्या न दिसणाऱ्या जागेचा पत्ता सांगते का? आणि पत्ता सांगताना, शेतात उभ्या असलेल्या माणसाला विसरत तर नाही ना? दोन्ही साधणारी पुस्तके थोडी. एक साधणारी बरीच. या संग्रहातले लेख वाचताना ही कसोटी मी सतत जवळ ठेवली, आणि वाचकांनीही ठेवावी असे वाटते.

‘जागतिकीकरण’ हा शब्द आपल्याकडे आला तोच भांडण घेऊन. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पानंतर खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तीन लांबलचक नावांची मोट बांधून ‘खाउजा’ हा शब्द तयार झाला. मोर्च्यांच्या फलकांवर, परिसंवादांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत तो रुळला. ‘खा’ आणि ‘जा’ हा त्यातला टोमणा कोणालाही ऐकू यावा असा होता. जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावरून गावोगाव सभा झाल्या; १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तोवर बाजू घेऊन झाल्या होत्या. विषय वाचायचा मात्र राहून गेला. विरोध करणाऱ्यांनी आणि स्वागत करणाऱ्यांनी, दोघांनीही बहुधा दोन-चार पुस्तिकांवर भागवले. तीस वर्षांनंतर आवाज खाली आले आहेत. आता वाचायला हरकत नाही.

२

वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की १९९१ ही सुरुवात नव्हे.

स्वेन बेकर्ट या इतिहासकाराचे ‘एम्पायर ऑफ कॉटन’ २०१४ साली प्रसिद्ध झाले. कापसाच्या जागतिक इतिहासात मँचेस्टर आणि लिव्हरपूल असणार हे ठरलेलेच. मराठी वाचक दचकतो तो त्यात वऱ्हाडातले खामगाव पाहून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या मळ्यांत गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. कापूस कुठूनही चालणार होता. तो मुंबईच्या बंदरातून गेला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर शेअर चढू लागले, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, ज्याच्या त्याच्या हातात कागद. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, पेढ्या आणि बँका बुडाल्या. तेजीच्या दिवसांत प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारात अजून तास वाजवतो. दूरच्या देशातल्या लढाईने उभी केलेली ती वास्तू आहे, हे तिच्याखालून जाणाऱ्या विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते.

मुंबईची गोष्ट आपल्याला थोडीफार ठाऊक असते. वऱ्हाडाची नसते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली समुद्राखालची तार मुंबईला पोचली, आणि त्याच वर्षी जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा काढला गेला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय का यावा? कारण कापूस जायला वाट झाली होती आणि भाव यायला तार झाली होती. बेकर्ट यांच्या पुस्तकाचे बळ इथे आहे. बाजार ही आपोआप उगवणारी वस्तू नाही. ती कायदा, सैन्य, रूळ, कर्ज आणि मोजणी यांनी घडवावी लागते, हे ते खामगावच्या यार्डात उभे करून दाखवतात.

या पुस्तकाच्या शेजारी लक्ष्मण सत्या यांचे ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) ठेवावे. बेकर्ट जग फिरतात, सत्या वऱ्हाड सोडत नाहीत. ज्वारीच्या रानात कापूस शिरला, पेवातले धान्य गेले, चराऊ राने आणि सरपणाची जंगले सरकारी झाली, सावकाराचा कागद घट्ट झाला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा सुपीक काळ्या मातीचा प्रांत अन्नाला मोताद झाला. पाऊस पूर्वीही चुकत असे. त्या वेळी चुकला तेव्हा घरात दाणा नव्हता, आणि रोख पैसा दुसरीकडे फुटणाऱ्या भावावर अवलंबून होता.

आणि हे आपल्याला बाहेरच्यांनीच सांगावे लागले, असेही नाही. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन आणि तेव्हाच्या स्थितीविषयी मराठीत पुस्तक लिहिले, त्यात व्यापार आणि कारागिरीचा विचार आहे. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) विलायतेहून यंत्रांवर तयार होऊन येणाऱ्या मालाची लांबच लांब यादी आहे: सुया-दाभणांपासून कापडापर्यंत आणि छत्र्यांपर्यंत. तो माल स्वस्त पडतो, इथला विणकर आणि कारागीर बसतो, आणि बसलेला कारागीर पुन्हा शेतीवरच येऊन पडतो, अशी साखळी फुले लावतात. ‘जागतिकीकरण’ हा शब्द तेव्हा नव्हता, पण आजचे अर्थशास्त्रज्ञ आकृत्या काढून जे दाखवतात ते फुल्यांनी बाजारपेठेत फिरून पाहिले होते. त्या यादीत शिवणाचे यंत्रही आहे. ते लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

३

विसाव्या शतकाच्या शेवटी या विषयावरची पुस्तके एकदम वाढली. त्यांतली पुष्कळशी वादाची आहेत. टॉमस फ्रीडमन यांचे ‘द वर्ल्ड इज फ्लॅट’ (२००५) बंगळुरूत सुरू होते. इन्फोसिसच्या आवारात नंदन नीलेकणींशी बोलताना लेखकाला साक्षात्कार होतो की खेळाचे मैदान आता सपाट झाले. हे पुस्तक आपल्याकडे हातोहात गेले, कारण त्यात आपण जिंकत होतो. मला ते वाचताना विमानाची खिडकी आठवते. वरून सह्याद्रीही सपाटच दिसतो.

उलट बाजूला जोसेफ स्टिग्लिट्झ. ‘ग्लोबलायझेशन अँड इट्स डिस्कंटेंट्स’ (२००२) लिहिण्याआधी १९९७ ते २००० या काळात ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते, आणि २००१ चे नोबेल त्यांच्या नावावर होते. १९९७ च्या पूर्व आशियाई संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने देशादेशांना एकच काढा कसा पाजला, हे आतल्या माणसाच्या संतापाने त्यांनी लिहिले आहे. त्यांना तोडीस तोड म्हणून जगदीश भगवती यांचे ‘इन डिफेन्स ऑफ ग्लोबलायझेशन’ (२००४) वाचले पाहिजे. भगवती मुंबईचे, सिडनहॅमचे विद्यार्थी. खुल्या व्यापाराने बालमजुरी वाढते, बायकांची स्थिती खालावते, हे आरोप एकेक करून उचलायचे, पुरावा तपासायचा आणि खोडायचे, अशी त्यांची पद्धत. पटो न पटो, वाद कसा घालावा हे त्यांच्याकडून शिकावे.

दानी रॉड्रिक यांचे ‘द ग्लोबलायझेशन पॅराडॉक्स’ (२०११) या भांडणातून वाट काढू पाहते. पुरेपूर खुली जागतिक बाजारपेठ, राष्ट्राची स्वायत्तता आणि लोकशाही या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीवर पाणी सोडा, हा त्यांचा सिद्धांत. ब्रँको मिलानोविच यांच्या ‘ग्लोबल इनइक्वॅलिटी’त (२०१६) हत्तीच्या पाठीसारखी एक वक्ररेषा आहे. १९८८ ते २००८ या वीस वर्षांत कोणाचे उत्पन्न किती वाढले, ते ती दाखवते. आशियातला मधला वर्ग वर चढला, जगातले सर्वांत श्रीमंत आणखी वर गेले, आणि श्रीमंत देशांतला कामकरी वर्ग जागच्या जागी राहिला. त्यानंतर अमेरिकेत आणि युरोपात जे राजकारण उसळले, त्याचा नकाशाच त्या रेषेत आहे म्हणा ना.

मराठीत हा वाद झालाच नाही असे मानणाऱ्यांना शरद जोशी ठाऊक नसतात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला हा माणूस परत येऊन चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसतो, १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर बसवतो, आणि पुढे डंकेल प्रस्तावाच्या बाजूने उभा राहतो. देशभरच्या बहुतेक शेतकरी संघटना विरोधात होत्या. जोशींचे म्हणणे उलटे होते: शेतकऱ्याला लुटले ते जगाच्या बाजारपेठेने नव्हे, तर ती बंद ठेवणाऱ्या आपल्याच सरकारने. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. ग्रेडर ठरवेल तो दर्जा, आणि चुकारे मिळतील तेव्हा मिळतील. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की सीमेवर कापूस पकडला जाई, जणू तो गांजाच. जोशींचे लेखन वाचले की ‘भाव कुठे फुटतो’ या प्रश्नाचे आणखी एक उत्तर पुढे येते: कधीकधी तो मंत्रालयात फुटतो, किंवा फुटूच दिला जात नाही. ज्यांना जोशी पटत नाहीत त्यांनाही या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. या संग्रहात त्यांच्यावरचा लेख आहे, हे मला विशेष बरे वाटले.

४

वादाची पुस्तके लवकर शिळी होतात. फ्रीडमन आज वाचताना जुन्या वर्तमानपत्राचा वास येतो. टिकतात ती एका वस्तूचे बोट धरून चालणारी पुस्तके.

सिडनी मिंट्झ यांचे ‘स्वीटनेस अँड पॉवर’ (१९८५) साखरेचे आहे. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलामांनी पिकवलेली साखर इंग्लंडच्या कारखान्यातल्या कामगाराच्या चहात कशी पडली, आणि एका टोकाची गुलामी दुसऱ्या टोकाच्या स्वस्त उष्मांकांना कशी बांधली गेली, हे त्यात आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळ्यांना करारबद्ध मजूर लागले, आणि मॉरिशसच्या उसात कोकणातली माणसेही गेली. तिथे आज मराठी समाज आहे, त्याचे गणपती आहेत. साखरेचा इतिहास वाचला तर ती माणसे तिथे का आहेत ते कळते.

पिएत्रा रिव्होली या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. १९९९ साली जॉर्जटाउन विद्यापीठातल्या एका निदर्शनात एका विद्यार्थिनीने विचारले, तुमचा टी-शर्ट कोणी शिवला? रिव्होली शोधायला निघाल्या. फ्लोरिडातल्या एका दुकानात सहा डॉलरांना एक सेंट कमी देऊन घेतलेल्या टी-शर्टचा माग टेक्सासमधल्या लबक गावच्या कापसाच्या शेतापर्यंत, तिथून शांघायच्या कारखान्यापर्यंत, आणि शेवटी टांझानियातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारापर्यंत त्यांनी काढला. ‘द ट्रॅव्हल्स ऑफ अ टी-शर्ट इन द ग्लोबल इकॉनॉमी’ (२००५) हे ते पुस्तक. खुल्या बाजाराच्या बाजूने निघालेल्या लेखिकेला वाटेत सापडले ते असे की या टी-शर्टच्या प्रवासात बाजार फारच थोड्या ठिकाणी आहे. लबकच्या शेतकऱ्यामागे अनुदान आहे, विद्यापीठ आहे, विमा आहे. कापडाच्या आयातीवर तेव्हा कोटा होता. मोकळ्या बाजाराचे वारे अंगावर येते ते टांझानियातल्या जुने कपडे विकणाऱ्याच्या. २००३ साली कॅन्कूनच्या व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी कापूस अनुदानाचा प्रश्न नेला, तो यासाठीच: श्रीमंत देशाच्या तिजोरीतून दिलेल्या पैशाने जगाचा भाव खाली येतो. तो यवतमाळलाही खाली येतो. लबक, माली आणि यवतमाळ एकाच तराजूत बसलेले आहेत, हे मला या पुस्तकाने पहिल्यांदा नीट दाखवले.

मार्क लेव्हिन्सन यांच्या ‘द बॉक्स’चा (२००६) नायक लोखंडी पेटारा आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ नावाचे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. त्यावर ५८ कंटेनर होते. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याच्या डोक्यातली ही कल्पना. गोदीत पोती आणि खोकी वाहणाऱ्या हजारो हातांचे काम क्रेनने मिनिटांवर आणले. वाहतूक इतकी स्वस्त झाली की वस्तू कुठे बनते याला महत्त्व उरले नाही. जुनी बंदरे ओस पडली, नवी उभी राहिली. आपल्याकडे ते नवे बंदर म्हणजे १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा. त्याच उरण तालुक्यात, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि गोळीबारात पाच जण मेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची जी योजना पुढे आली, ती त्या लढ्याची कमाई. लेव्हिन्सन यांच्या पुस्तकात उरण नाही. असायलाच हवे असे नाही. पण कंटेनर ठेवायला जी जागा लागते ती कोणाची तरी मिठागरे आणि खाचरे असतात, ही ओळ मराठी वाचकाने समासात स्वतः लिहायची आहे.

वस्तूचे बोट धरून माणसापर्यंत पोचण्यात कॅथरिन बू यांना तोड नाही. ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स’ (२०१२) मुंबई विमानतळाच्या कुशीतल्या अण्णावाडीत घडते. २००८ साली अमेरिकेत बँका बुडतात आणि अण्णावाडीत भंगाराचा भाव पडतो. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या वेचणाऱ्या पोराला कमी पैसे मिळतात, एवढ्यातून ते जागतिक संकट आपल्याला कळते. आकड्यांच्या दहा तक्त्यांपेक्षा हे एक दृश्य पुरते.

५

आता आपल्या घरची पुस्तके. मराठीत या विषयावर सगळ्यांत चांगले लिहिले ते कथा-कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी, आणि बहुतेकांनी ‘जागतिकीकरणावर लिहितो’ असे न म्हणता.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला (२००२) एकनाथ शिकलेला आहे, त्याला नोकरी नाही, आणि शेती धरून ठेवत नाही. त्याचे घर आतून कसे उसवत जाते, बायको-आई-भाऊ यांच्यातला एकेक शब्द कसा धारदार होतो, हे वाचताना कृषिमालाच्या भावाचा तक्ता लागत नाही. भाव पडला की पहिल्यांदा घरातली भाषा बिघडते, हे देशमुखांना ठाऊक आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप एका खोलीत शिरून बसला आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. पवार एकाच घरातली भावंडे दाखवतात आणि त्यातून अख्खे गिरणगाव दिसते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांना बोलते करून त्यांच्याच शब्दांत तो इतिहास नोंदवला. जिथे न्यूयॉर्कच्या आकड्यावर चार आणे लागत तिथे आता मॉल आहेत. त्या मॉलमध्ये टी-शर्ट मिळतो, आणि त्याचा माग काढायला पुन्हा रिव्होलीच हव्यात.

प्रवीण बांदेकरांची ‘चाळेगत’ (२००९) बदलत्या तळकोकणाची आहे. नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४) अजून न आलेल्या दिवसांची आहे, पण ते दिवस मधल्या दहा वर्षांत बरेच जवळ सरकले. माणसावरची पाळत आणि कंपन्यांची सत्ता यांचे ते चित्र आता भविष्यकथा म्हणून वाचवत नाही. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत धंदा बसलेल्या शिंप्याची ती गोष्ट, स्वतः शिलाई मशीनवर बसलेल्या लेखकाने लिहिलेली. फुल्यांच्या यादीतले शिवणाचे यंत्र इथे परत भेटते. १८८३ साली ते परदेशातून येऊन हाताच्या शिलाईला भिडले होते. पुढे तेच यंत्र गावच्या शिंप्याचे पोट झाले, आणि आता त्याहून मोठ्या यंत्राने त्या पोटावर पाय दिला. जे आज घुसखोर वाटते ते उद्या वारसा होते. या दोन पुस्तकांमधल्या एकशे चाळीस वर्षांत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथात मी पाहिली नाही.

मात्र कौतुक करून थांबता येत नाही. आपली कादंबरी बांधावर घट्ट उभी राहते. ट्रकात बसत नाही. कापूस जिनिंगच्या फाटकातून आत गेला की मराठी कादंबरीच्या नजरेआड होतो. व्यापारी येतो तो तोंडदेखला, बहुधा खलनायक म्हणून. त्याच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते कादंबरी विचारत नाही. दुसरी उणीव मिळवणाऱ्यांची. या तीस वर्षांत मराठी माणसाने नुसते गमावले असे नाही. हिंजवडीच्या इमारतींत रात्रपाळी करणारी, पहिला पगार स्वतःच्या खात्यात पाहणारी, परदेशी जाऊन घरी पैसे पाठवणारी मराठी मुले-मुली आपल्या साहित्यात त्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी आहेत. गमावल्याचे दुःख आपल्याला लिहिता येते. मिळवल्याची अस्वस्थता लिहायला आपण संकोचतो. ललितेतर लेखनात गिरीश कुबेरांच्या ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’सारखी पुस्तके वस्तूचा माग काढत जगभर फिरतात आणि वाचकही त्यांच्यामागे जातो. म्हणजे वाचक तयार आहे.

६

हा संग्रह कसा वाचावा, याविषयी थोडेसे. लेख ओळीने वाचण्याची गरज नाही. जोड्या लावून वाचावेत. बेकर्ट यांच्याबरोबर ‘असूड’, रिव्होलींबरोबर ‘उसवण’, भगवतींबरोबर स्टिग्लिट्झ, आणि दोघांच्या मध्ये शरद जोशी. शेजारी नकाशा असू द्यावा. जलंब कुठे, लबक कुठे, न्हावा-शेवा कुठे हे बोटाने शोधल्याशिवाय ही पुस्तके अर्धीच कळतात. ज्यांना ही पुस्तके इंग्रजीत वाचणे जड जाईल त्यांच्यासाठी लेखांत पुरेसा तपशील आहे, पण लेख वाचून मूळ पुस्तक वाचल्याचे समाधान मानू नये. प्रस्तावना वाचून तर मुळीच नाही.

एक विनंती तरुण वाचकांना. लेव्हिन्सन यांच्या शेजारी ठेवायला मला न्हावा-शेव्याची मराठी कादंबरी हवी आहे: जिच्यात मिठागरही आहे, क्रेनही आहे, कंटेनर ओढणारा बीडचा ड्रायव्हरही आहे आणि त्या कंटेनरच्या कागदांवर सही करणारी पनवेलची मुलगीही. वऱ्हाडातल्या गठाणीबरोबर जिनिंगमधून निघून बंदरापर्यंत, जहाजावरून परदेशातल्या शिलाई कारखान्यापर्यंत आणि तिथून परत अकोल्याच्या दुकानापर्यंत जाणारे मराठी पुस्तक हवे आहे. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ गोदीत असेल, कोणाची बहीण निर्यातीच्या कंपनीत असेल, कोणाचे वडील अजून चुकाऱ्याची वाट पाहत असतील. साहित्य तुमच्या घरात आहे.

कापूस कुठे फुटतो ते आपण पुष्कळ लिहिले. भाव कुठे फुटतो, ते आता लिहा.